शिक्षकांनी कुणासाठी टिकायचं?

घरात मुलांच्या शाळेचं गेल्या वर्षीचं इयरबुक असेल तर ते काढून बघा. मुलांची पानं नकोत, शिक्षकांची पानं उघडा. मुलांच्या पानांवर पटेल, गार्सिया, वॉशिंग्टन, ली, कुलकर्णी अशी नावं एकापाठोपाठ सापडतील. शिक्षकांच्या पानांवर ती विरळ होत जातात. आमच्या गावातल्या मिडल स्कूलमध्ये बस चालवणारी, जेवण वाढणारी, फरशी पुसणारी मंडळी मुलांसारखीच नाना रंगांची आहेत. फळ्यासमोर उभी राहणारी नाहीत. मुलं हे रोज बघतात आणि त्यातून काय शिकायचं ते शिकतात. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

हे फक्त आमच्या गावाचं नाही. 2020-21 च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधले सुमारे 80 टक्के शिक्षक गोरे होते. लॅटिनो 9, कृष्णवर्णीय 6 आणि आपण ज्यांत मोडतो ते आशियाई जेमतेम 2 टक्के. त्याच शाळांतल्या विद्यार्थ्यांमध्ये गोऱ्या मुलांचं प्रमाण 2014 च्या सुमारासच निम्म्याच्या खाली आलं आहे.

आपल्यात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "शिकवायला कुणी येतच नाही, त्याला शाळा तरी काय करणार?" पगार कमी, मान कमी, मग हुशार मुलं दुसरीकडे जाणारच. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसोल (ते स्वतः आधी हायस्कूलमध्ये शिकवत होते) आणि त्यांचे सहकारी हेन्री मे यांनी 2011 मध्ये सुमारे वीस वर्षांची सरकारी आकडेवारी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून गोरेतर शिक्षकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि ती वाढ गोऱ्या शिक्षकांच्या वाढीपेक्षा वेगवान होती. म्हणजे माणसं येत होती. येत होती आणि जात होती, इतरांपेक्षा जास्त प्रमाणात जात होती. फुटक्या घागरीत पाणी ओतावं तसं.

का जात होती? गरीब वस्तीतली मुलं नकोत म्हणून नव्हे. तिथे तर ती आपणहून जास्त संख्येने जातात. अभ्यासात दोन गोष्टी सगळ्यांत ठळक निघाल्या. शाळेच्या निर्णयांमध्ये आपल्याला कुणी विचारतं का, आणि आपल्या वर्गात काय, कसं शिकवायचं हे ठरवायची मोकळीक आहे का. पगारापेक्षाही या दोहोंवर त्यांचं राहणं-जाणं जास्त अवलंबून होतं.

आणखी एक गोष्ट आकडेवारीत सहज पकडता येत नाही. 2016 मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री जॉन किंग यांनी तिला 'अदृश्य कर' म्हटलं होतं. शाळेत एकच कृष्णवर्णीय शिक्षक असला की शिस्तीचं प्रत्येक प्रकरण त्याच्याकडे येतं, कारण 'तो त्या मुलांशी बोलू शकतो'. स्पॅनिश बोलणारी शिक्षिका पालकसभेच्या रात्री स्वतःच्या वर्गाचं काम संपवून आणखी चार वर्गांत दुभाषी म्हणून उभी राहते. फेब्रुवारीतला कृष्णवर्णीय इतिहासाचा कार्यक्रम कुणी बसवायचा, दिवाळीची रांगोळी कुणी काढायची, हे विचारावं लागत नाही. यातलं काहीच वेळापत्रकात नसतं, त्यामुळे पगारातही नसतं. आणि नाही म्हटलं तर ऐकावं लागतं, "आपल्याच मुलांसाठी एवढंही नाही करायचं?"

या 'आपल्याच मुलांसाठी' मध्ये सगळी मेख आहे. शाळा, जिल्हे, शिक्षणशास्त्राची महाविद्यालयं हल्ली एकमुखाने म्हणतात की विविध समाजांतले शिक्षक टिकवायला हवेत. मराठीत 'टिकवणं' हे क्रियापद आपण लोणच्यासाठी वापरतो, धान्यासाठी वापरतो. माणूस असेल तर तो टिकतो, आणि खरं म्हणजे त्याहून चांगला शब्द आहे: रमतो. एखाद्याला टिकवायला निघण्याआधी विचारायला नको का, की त्याने टिकायचं ते नेमकं कुणाच्या भल्यासाठी?

उत्तर सोपं वाटतं: मुलांच्या. आणि ते खोटं नाही. सेथ गर्शेन्सन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. टेनेसीमध्ये 1980 च्या दशकात एक प्रयोग झाला होता. त्यात मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्ग वाटून दिले होते. त्या मुलांचं पुढे काय झालं ते या मंडळींनी शोधलं. बालवाडी ते तिसरी या काळात ज्या कृष्णवर्णीय मुलांना एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, त्यांचं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण 13 टक्क्यांनी आणि कॉलेजात प्रवेश घेण्याचं प्रमाण 19 टक्क्यांनी जास्त निघालं. सहा-सात वर्षांच्या वयात समोर आलेला एक माणूस, आणि त्याचा परिणाम अठराव्या वर्षी मोजता येतो. हे वाचल्यावर कुणीही म्हणेल की अशी माणसं शाळेत राहायलाच हवीत.

पण याच युक्तिवादाला दुसरी धार आहे, आणि ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्येच दाखवली होती. मिशिगनमधल्या जॅक्सन गावाच्या शाळा मंडळाने शिक्षक संघटनेशी करार केला होता: कपातीची वेळ आली तर नंतर आलेल्यांना आधी काढायचं, पण गोरेतर शिक्षकांच्या कपातीचं प्रमाण त्यांच्या एकूण प्रमाणापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. कपात आली, आणि जास्त सेवा झालेल्या काही गोऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. वेंडी वायगंट आणि इतर न्यायालयात गेले. मंडळाचं एक समर्थन असं होतं की कृष्णवर्णीय मुलांना डोळ्यांसमोर आपल्यातले आदर्श हवेत. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा करार रद्द केला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी त्यात एक मुद्दा मांडला तो मला अजून सोडत नाही. मुलांचं प्रमाण बघून शिक्षकांचं प्रमाण ठरवायचं म्हटलं, तर जिथे कृष्णवर्णीय मुलं कमी तिथे कृष्णवर्णीय शिक्षकही कमी असणं योग्य ठरेल. आणि हा विचार शेवटपर्यंत नेला तर आपण पुन्हा त्यांच्या शाळा वेगळ्या आणि यांच्या वेगळ्या या जागी येऊन पोचू.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत लिहिलं, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की निरनिराळ्या वर्णांचे शिक्षक असणं ही फक्त त्या त्या वर्णाच्या मुलांची गरज नाही. सगळ्याच मुलांनी ज्ञान आणि अधिकार वेगवेगळ्या चेहऱ्यांमध्ये बघणं हा शिक्षणाचा भाग आहे. आपल्या संदर्भात सांगायचं तर, गणित शिकवणाऱ्या देशपांडे बाई माझ्या मुलीसाठी जितक्या हव्यात, त्याहून कदाचित तिच्या शेजारी बसणाऱ्या आयरिश मुलासाठी जास्त हव्यात. माझ्या मुलीने हुशार मराठी बायका घरीदारी ढिगाने पाहिल्या आहेत.

जॅक्सनच्या शाळा मंडळाच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. शाळांमध्ये कृष्णवर्णीय शिक्षक इतके थोडे का, याचं एक कारण आपण ज्याला न्यायाचा मोठा विजय म्हणतो त्यातच आहे. वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल 1954 चा. हा खटला जिथून सुरू झाला त्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात, निकाल लागायच्या आधीच, 1953 च्या मार्चमध्ये शाळांच्या अधीक्षकांनी काही कृष्णवर्णीय शिक्षिकांना पत्र पाठवलं. मतितार्थ असा: निकाल काय लागेल सांगता येत नाही, गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीय शिक्षक देणं इथल्या बहुसंख्य लोकांना रुचणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षीचं तुम्ही गृहीत धरू नका. पुढे दक्षिणेत हेच सर्रास झालं. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या, मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, शिक्षक आणि मुख्याध्यापक बाहेर राहिले. 1954 ते 1965 या काळात दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे 38,000 जणांच्या नोकऱ्या गेल्या असा अंदाज नेहमी दिला जातो. काही अभ्यासक आकडा याहून बराच मोठा सांगतात.

आणि ही माणसं कमी शिकलेली नव्हती. दक्षिणेतली राज्यं त्यांना आपल्या विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेश देत नव्हती. त्याऐवजी बाहेरच्या राज्यात शिकायला पैसे देत होती. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आगगाडीने न्यूयॉर्कला येऊन कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधून एम.ए. करून गेलेल्या शिक्षिका अलाबामा-जॉर्जियाच्या खेड्यापाड्यांत शिकवत होत्या. त्यांना घराबाहेर घालवण्यात शाळा आणि विद्यापीठं दोघांचाही हात होता. म्हणून आज शाळा आणि विद्यापीठ हातात हात घालून 'शिक्षक टिकवू या' म्हणतात तेव्हा मी त्याला उपकार मानत नाही. ते जुनं देणं आहे.

देणं कुणी फेडायचं, हा मग पुढचा प्रश्न. फायदा सगळ्या मुलांना, म्हणजे सगळ्या समाजाला होत असेल आणि त्यासाठी लागणारा जास्तीचा भार दोन-चार माणसांनीच वाहायचा असेल, तर 'राहा हो, मुलांना तुमची गरज आहे' असं त्यांना म्हणणं हे आर्जव नाही, ती उधारी आहे. सोडून जाणाऱ्या शिक्षकाला दोष देण्याचा अधिकार मला पोचत नाही. त्याचा भार उचलायला कुणी पुढे आलं होतं का, एवढंच मी विचारू शकतो.

शाळा आणि विद्यापीठ यांच्या भागीदारीकडे मी याच नजरेने बघतो. भागीदारी तशी नवी नाही. जॉन ड्युई यांनी 1896 मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा काढली ती मुलांची शाळाच होती. आपल्याकडे अध्यापक विद्यालयाला जोडून सराव शाळा असायची. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या वाचकांना आठवेल: टाचण काढायचं, तक्ते रंगवायचे, पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. पाठ संपले की त्या शाळेशी संबंध संपला. पुढे कुठे नोकरी लागली, तिथे काय हाल झाले, याची विद्यालयाला खबरही नसायची. अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी अगदी हेच चालतं. विद्यापीठ मोजतं किती जणांना प्रवेश दिला आणि किती पदव्या वाटल्या. शाळा मोजते ऑगस्टअखेर किती जागा भरल्या. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, जेव्हा माणूस रात्री अकरा वाजता वह्या तपासता तपासता दुसरी नोकरी शोधायला लागतो, ते कुणाच्याच हिशेबात नसतं.

जे प्रयत्न मला मोलाचे वाटतात ते या बेवारस वर्षांची जबाबदारी घेणारे आहेत.

दक्षिण कॅरोलायनात 2000 साली 'कॉल मी मिस्टर' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या प्राथमिक शाळांत कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक एक टक्काही नव्हते. क्लेमसन हे विद्यापीठ गुलामगिरीचा कडवा समर्थक जॉन कॅल्हून याच्या मळ्याच्या जमिनीवर उभं आहे आणि 1963 पर्यंत तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्याने बेनेडिक्ट, क्लॅफ्लिन आणि मॉरिस या कृष्णवर्णीयांच्या तीन जुन्या महाविद्यालयांना बरोबर घेतलं. मुलांना फी माफी मिळाली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकेकटी नव्हती. एका तुकडीने शिकायचं, एकत्र राहायचं, शाळेत लागल्यावरही तुकडीचा धागा सुटू द्यायचा नाही. बदल्यात अट अशी की जितकी वर्षं मदत घेतली तितकी वर्षं राज्यातल्या सरकारी शाळेत शिकवायचं.

ही अट ऐकून तुम्हाला एमबीबीएसचा बॉण्ड आठवला असेल. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून डॉक्टर झालं की एक वर्ष सेवा, नाहीतर दहा लाख भरा. किती जण सेवा करतात आणि किती जण पैसे भरतात किंवा पळवाट काढतात, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. मग शिक्षकाला बॉण्डने बांधणं बरोबर आहे का? समाजाच्या पैशाने शिकलेल्याने काही परत द्यावं, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एकतर्फी बांधण्याला. बॉण्ड माणसाचं शरीर शाळेत ठेवतो, मन नाही. अमेरिकन सरकारची 'टीच ग्रँट' याचं वाईट उदाहरण आहे. वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत अनुदान, बदल्यात पदवीनंतरच्या आठ वर्षांत चार वर्षं गरीब शाळेत शिकवायचं. हजारो शिक्षकांनी कबूल केल्याप्रमाणे शिकवलं, पण वार्षिक फॉर्म काही दिवस उशिरा पोचला किंवा त्यात एखादी तारीख राहिली, म्हणून त्यांचं अनुदान व्याजासकट कर्ज झालं. 2018 मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणल्यावर सरकारने ते दुरुस्त करायला घेतलं. शिक्षकाने शब्द पाळला होता. ज्यांनी त्याला बांधून घेतलं होतं त्यांनी त्याची गाठ फॉर्मशी घातली होती, वर्गाशी नाही.

शिकागोच्या लोगन स्क्वेअर वस्तीतली गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कदाचित तिला झगमगाट नाही म्हणून. तिथल्या स्थानिक संघटनेने मेक्सिको, पोर्तो रिको वगैरे ठिकाणांहून आलेल्या आयांना शाळेत वर्गमदतनीस म्हणून आणलं. मुलांची भाषा त्यांना येत होती, घरं माहीत होती. त्यांतल्या काहींना वाटलं, आपणच शिक्षिका का होऊ नये? 2000 च्या सुमारास शिकागो स्टेट विद्यापीठाने त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले, आणि ते विद्यापीठात नाही, वस्तीतल्या शाळेतच भरवले. लेकरांना सांभाळायची सोय बाजूच्या खोलीत. या अनुभवावरून 2004 मध्ये इलिनॉयने कायदा केला आणि राज्यभर अशा भागीदाऱ्यांना पैसे दिले. हजार शिक्षक तयार करायचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्ष आकडा त्याच्या आसपासही गेला नाही. नोकरी, मुलंबाळं सांभाळत पदवी घ्यायला या बायकांना आठ-आठ, दहा-दहा वर्षं लागली. विधिमंडळात बसून खर्च भागिले शिक्षक असा हिशेब करणाऱ्यांना हे परवडणारं वाटलं नाही. पण जी बाई दहा वर्षं खपून आपल्याच गल्लीतल्या शाळेत शिक्षिका होते, ती तिसऱ्या वर्षी सोडून जाईल का? तिला 'टिकवायला' लागत नाही. ती तिथलीच आहे. विद्यापीठ तिच्याकडे चालत आलं, यात मला भागीदारी दिसते.

बॉस्टनचा नमुना वेगळा. 2003 पासून तिथे होतकरू शिक्षक वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहतो, डॉक्टर रेसिडेन्सी करतात तसा. त्याला विद्यावेतन मिळतं, बरोबरीने विद्यापीठाचं एम.ए. होतं, आणि नोकरी लागल्यावरही मार्गदर्शक सुटत नाही. जॉन पापे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 च्या सुमारास याचा अभ्यास केला. या वाटेने आलेल्यांमध्ये गोरेतर जास्त होते आणि पाचव्या वर्षापर्यंत राहणारेही जास्त. पण गंमत पुढे आहे. गणितात सुरुवातीला त्यांच्या वर्गातल्या मुलांची प्रगती इतर नव्या शिक्षकांच्या मुलांपेक्षा कमी होती! चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र ते जुन्याजाणत्या शिक्षकांच्याही पुढे गेले. समजा पहिल्या वर्षीचे निकाल बघून कुणी 'हे काही कामाचं नाही' म्हणून योजना गुंडाळली असती तर? किंवा त्या शिक्षकांनीच दुसऱ्या वर्षी कंटाळून सोडलं असतं तर? चांगला शिक्षक आयता मिळत नाही, तो वर्गात मुरतो. मुरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्याला कुणीतरी द्यावा लागतो, सांभाळून घ्यावं लागतं.

हे सांभाळून घेणं म्हणजे नेमकं काय, ते फार रुक्ष आहे. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यातून दोन तास मोकळे हवेत, नाहीतर तो मार्गदर्शन करणार कधी? दुभाषाचं काम केलं तर त्याचे पैसे हवेत. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला शाळेत घालवलेल्या दिवसांचं श्रेय बढतीच्या वेळी मिळायला हवं. आज शोधनिबंधाचं मिळतं, शाळेत बसण्याचं मिळत नाही, म्हणून तरुण प्राध्यापक शाळेकडे फिरकत नाहीत. आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत त्या नव्या शिक्षिकेला खुर्ची हवी. ती नसेल तर बाकी सगळं करूनही ती जाईल, आणि तिचं बरोबर असेल.

आता थोडं आपल्याबद्दल. ते दोन टक्के आठवा. सरकारी शाळांतली आशियाई मुलं पाच टक्क्यांच्या आसपास आहेत. आपल्या मुलांच्या नावाचे उच्चार कुणी नीट करत नाही, भारताचा धडा आला की जातिव्यवस्था आणि गाय यापलीकडे कुणी जात नाही, ही तक्रार आपण किती वेळा केली आहे! पण मुलगा म्हणाला की मला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा आहे, तर आपल्या दिवाणखान्यात काय होतं? "छंद म्हणून ठीक आहे" पासून "एवढी फी भरून मास्तर व्हायचं?" पर्यंत सगळं ऐकून झालं आहे माझं. मुलांसाठी आपल्यातले शिक्षक हवेत, ते मात्र दुसऱ्याच्या घरातून यावेत. हेही एक प्रकारे दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकणंच आहे.

आणि आपल्यात शिकवणारी माणसं नाहीत असंही नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारी सकाळी बर्फ तुडवत जाणाऱ्या शिक्षिका बघा. एक पैसा न घेता शिकवतात. तिथल्या परीक्षांना पुण्याच्या भारती विद्यापीठाची साथ मिळाली तेव्हा त्या शाळांना बळ आलं, हे आपण पाहिलं आहे; शाळेच्या पाठीशी विद्यापीठ असण्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. या बायकांपैकी कितीतरी जणी भारतात रीतसर बी.एड. करून शिकवत होत्या. इकडे डिपेंडंट व्हिसावर आल्या, वर्षानुवर्षं कामाची परवानगी नव्हती. ती मिळाली तेव्हा पदवीच्या मूल्यमापनाचे कागद, परीक्षा, इंग्रजीचा पुरावा, पुन्हा क्रेडिट्स. शेवटी बहुतेकजणी पॅरा म्हणून, म्हणजे वर्गमदतनीस म्हणून, तासाच्या मजुरीवर लागतात आणि तिथेच राहतात.

न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या एका बाईंचं असंच होतं. ठाण्याच्या ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या. इथे चार वर्षं पॅरा होत्या. नव्याने लागलेला शिक्षक मोलचं गणित फळ्यावर चुकला की त्या मागे बसून मुलाच्या वहीत हळूच दुरुस्त करून द्यायच्या. मग त्यांच्या जिल्ह्याने एका विद्यापीठाशी करार केला. पॅरांसाठी संध्याकाळचे वर्ग, निम्मी फी जिल्ह्याची, आणि पहिली तीन वर्षं आठवड्यातून एकदा विद्यापीठाकडून कुणीतरी वर्गात येऊन बसणार. मी त्यांना विचारलं होतं, यातलं सगळ्यांत काय उपयोगी पडलं? मला वाटलं होतं, फी म्हणतील. त्या म्हणाल्या, "दर बुधवारी एक माणूस यायचं आणि मला विचारायचं, आज काय झालं. बाकी कुणी विचारत नाही हो."

2025 च्या फेब्रुवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची 600 दशलक्ष डॉलरहून अधिक अनुदानं रद्द केल्याचं जाहीर केलं. कारण असं दिलं की त्यांतून फूट पाडणारी विचारसरणी शिकवली जाते. त्यांत शाळा-विद्यापीठ भागीदारीतल्या अनेक रेसिडेन्सी होत्या. काही राज्यं न्यायालयात गेली. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, खटला चालू असेपर्यंत ही अनुदानं अडवून ठेवायला सरकारला मुभा दिली. विविधता हा शब्द उच्चारला की पैसे जातात, म्हणून कितीतरी विद्यापीठांनी कार्यक्रमांची नावं बदलली आहेत. नाव बदललं तरी चालेल. बुधवारी वर्गात येणारा माणूस बंद झाला तर चालणार नाही, आणि तो वॉशिंग्टनच्याच पैशावर यायला हवा असंही नाही. शाळेचं अंदाजपत्रक गावात ठरतं, आपण भरलेल्या प्रॉपर्टी टॅक्सवर ठरतं. शाळा मंडळाच्या त्या सभेला आपण किती जण जातो? गेलो तर एपीच्या तुकड्या आणि टेनिस कोर्टाबद्दल बोलतो. नव्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाची ओळ कात्री लागणाऱ्या यादीत असते तेव्हा तिच्यासाठी बोलायला सहसा कुणीच उठत नाही.

त्या बाईंच्या जिल्ह्यात ती ओळ या वर्षीच्या मसुद्यात आहे. न्यू जर्सीत नोकरी कायम व्हायला चार वर्षं आणि एक दिवस लागतो. त्यांचं चौथं वर्ष संपत आलं आहे, आणि पुढच्या वर्षाचं पत्र 15 मेपर्यंत यायचं असतं. त्यांच्या मागे अजून दोन पॅरा संध्याकाळच्या वर्गाला जातात, एक ग्वातेमालाची आणि एक नागपूरची. सभा पुढच्या मंगळवारी रात्री साडेसात वाजता हायस्कूलच्या ग्रंथालयात आहे. बोलायचं असेल त्याने दाराशी नाव लिहायचं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात.